खुणेचा आणा

वैशाख शुद्ध चतुर्थी, मंगळवार. उडदाचे पापड वाळून कडक झाले होते. ते मोजून चारशे धाकट्या जावेकडे पुण्याला धाडायचे आणि उरलेले घरच्या डब्यात भरायचे, एवढं काम ऊन चढायच्या आत उरकायचं होतं. मदतीला शेजारची नवी सून चंद्रा आली होती. ही वेल्ह्याकडची. हात चलाख, बोलणं कमी. मी पीठ झटकून देत होते, ती मोजत होती. पंचवीस झाले की चवड बाजूला, आणि एक पापड वेगळा, सुपात. पुन्हा पंचवीस, पुन्हा एक सुपात.

"सुपातले कसले गं?" मी विचारलं.

"खुणंचे, काकू."

"ते मोजलेस का?"

"खुणंचे कुठं मोजत्यात व्हय?" मलाच काही कळत नसल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं.

सगळे पापड मी पुन्हा मोजले. चारशे सोळा भरले. जाऊबाईंचा सोळा पापडांचा फायदा झाला असता, बाकी काही बिघडलं नसतं. पण मोजता मोजता रामजी मास्तर आठवले आणि दिवसभर डोक्यातून जाईनात. म्हणून दुपारी भांडी झाल्यावर कागद घेऊन बसले.

रामजी मास्तर आमच्या ह्यांच्या हाताखाली होते. लढाईच्या दिवसांत आम्ही तोरण्याच्या पायथ्याकडच्या, वेल्ह्याजवळच्याच एका गावात होतो. शाळा दोन मास्तरांची. हे हेडमास्तर, यांच्याकडे पहिली ते चौथी. पहिलीच्या आधीचा बिगारीचा वर्ग रामजी मास्तरांकडे. बिगारी बसायची ती पडवी आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये शेणानं सारवलेला एक कूड होता. कूड म्हणजे कारवीच्या काड्या. त्यातून वारा येतो, धूर जातो आणि आवाज तर दोन्हीकडून येतोजातो. चार वर्षं मी भाकरी थापता थापता बिगारीतच बसलेली होते म्हणायला हरकत नाही.

मास्तर अंगानं दांडगे. तरुणपणी तालमीत होते. दोन्ही कान कुस्तीत चेचलेले. एवढ्या देहातून आवाज मात्र बारीक यायचा. नवं माणूस भेटलं की आवाज कुठून आला म्हणून त्यांच्या मागं बघायचं. संस्थानानं दिलेल्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. तिच्या पाठीवर पोरांच्या भाकरीची फडकी टांगलेली असत, कारण खाली ठेवली की शेळ्या खात. मास्तर स्वतः जमिनीवर मांडी घालून पोरांच्या मधोमध. एखाद्याचं नाक वाहायला लागलं की आपल्याच पटक्याच्या शेवानं पुसायचे आणि शिकवणं पुढं चालू. तो शेव संध्याकाळी कसा दिसायचा ते मी लिहीत नाही.

शिकवायचे ते एकच: नाणी मोजणं. अक्षरं शिकवायचे, पाढेही म्हणवून घ्यायचे, पण ते जकात भरावी तसं. मन सगळं नाण्यांत. आणि नाणी खरी. स्वतःच्या पगारातून दर महिन्याला थोडा थोडा खुर्दा बाजूला टाकून त्यांनी बारा रुपये जमवले होते, आणे, दोन पैशांचे ढब्बू आणि पैशांत. चोवीस पोरं, प्रत्येकाला आठ आण्यांचा खुर्दा. सकाळी फडक्यातून वाटायचा, शाळा सुटताना मोजून परत घ्यायचा. शिवाय एक वेगळा जोड होता: एक अधेली, एक पावली, एक चवली, एक आणा, एक ढब्बू, एक पैसा आणि तीन पया. मिळून बरोबर रुपया. हा जोड मास्तरांच्या कनवटीला असायचा. त्यांच्या जाड बोटांना पै काही उचलता येत नसे. खाली पडली की जवळच्या पोराकडे बोट दाखवून म्हणायचे, "हितं पै उचलायला माणूस ठिवलाय म्या."

त्या जोडावर कानाची परीक्षा व्हायची. पोरांनी भिंतीकडं तोंड करून बसायचं. मास्तर एक नाणं जात्याच्या पाळीवर टाकायचे आणि पोरांनी ओरडायचं, "पावली!" "ढब्बू!" चुकलं की मास्तर पुन्हा टाकायचे. "डोळा मागनं उघडा," ते म्हणत, "आधी कान उघडा." चूल फुंकता फुंकता मलाही ओळखू यायला लागलं. एकदा ह्यांच्या हातून शाळेच्या कुलपाची किल्ली फरशीवर पडली आणि पडवीतून चोवीस गळ्यांनी एकदम उत्तर आलं, "ढब्बू!" हे चिडले. मास्तर म्हणाले, "गुरुजी, चूक पोरांची न्हाई. किल्ली जड हाय."

ह्यांना ही पद्धत पसंत नव्हती. नाणी शिकवायची ती तक्त्यावरून, असं यांचं मत. म्हणून यांनी एका रविवारी खपून फळ्यावर रंगीत खडूनं सगळी नाणी काढली. मागच्या पोरांनाही दिसावीत म्हणून रुपया ताटाएवढा, आणि जागा सारखी वाटावी म्हणून पैसुद्धा ताटाएवढी. सोमवारी बिगारीला समोर बसवून विचारलं, "हे काय?" पुढच्या रांगेत ठकी होती. धनगरवाड्यावरची सहा वर्षांची पोर, कपाळावर केस, हातात सदान्कदा काडी. ती फळ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "गुर्जी, येवढाल्ला रुपाया मोडून कोन दील?"

फळा त्याच दुपारी पुसला गेला.

ठकी शाळेत आली कशी, हे सांगितलं पाहिजे, कारण मास्तरांची भाकरी तिच्यावर होती. तिची आई साळूबाई लोणी विकायला नसरापूरला जायची. ठकीला घेऊन ती पहिल्यांदा आली तेव्हा उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलली.

"मास्तर, पुस्तक नगं आमाला. पैका मोजाया शिकिवता म्हनं?"

"शिकिवतो."

"म्या बाजारात लोणी घालते. हातावं कोन काय ठिवतंय मला उमगत न्हाई. पोरगी संगं आसली की ती बघंल. सा म्हैन्यांत यायला पायजे. न्हाई आलं तर बकऱ्यांमागं जाईल."

"तीन म्हैन्यांत यील," मास्तर म्हणाले.

दोन महिन्यांत आलं. पहिल्याच खेपेला ठकीनं नसरापुरात भर बाजारात एका गिऱ्हाइकाला "काका, ह्यो चवलीचा आवाज न्हाई" म्हणून परत बोलावलं, आणि ती बातमी डोंगरावर गेली. आठवड्यात धनगरवाड्यावरची आणखी सहा पोरं आली. पट सतरावरून चोवीसवर गेला. वर्षअखेरीस पट विसाच्या खाली राहिला तर बिगारीचा वेगळा मास्तर काढून घ्यायचा, असा शाळाखात्याचा नियम होता. ही सात पोरं नाण्यांसाठी येत होती. नाणी गेली की पोरं जाणार, पोरं गेली की मास्तर जाणार. हे मास्तरांना माहीत होतं, ह्यांना माहीत होतं आणि कुडापलीकडून मलाही माहीत होतं.

आता खुणेची गोष्ट. त्या भागात आंबे, अंडी, गोवऱ्या, पेंढ्या, काहीही मोजायचं तर ठरलेला आकडा झाला की एक नग वेगळा काढून ठेवतात. ती खूण. शेवटी खुणा मोजल्या की किती वेळा आकडा झाला ते कळतं. खूण मोजणीत धरायची नाही आणि व्यवहार झाला की ती घेणाऱ्याला द्यायची. त्यानं घेतली म्हणजे माल पसंत. परत केली तर सौदा मोडला. पोरांनी हे आईच्या कडेवर बसून शिकलेलं. त्यामुळे आणे मोजायला दिले की सोळा झाल्यावर सतरावा आणा बाजूला. मास्तर विचारत, "किती झालं?" पोर म्हणे, "योक रुपाया." "आन् ह्यो?" "ह्यो खुणंचा."

"आरं, पैसा म्हंजी आंबा हाय व्हय?" मास्तर बारीक आवाजात ओरडायचे. "आंबा झाडाला लागतो! आणा कुठं लागतो?"

पोरं पुन्हा सतरावा काढायची. मास्तरांनी महिनाभर डोकं फोडलं. शेवटी हरले आणि नदीवरून पाटीभर खडे घेऊन आले. "खूण ठिवायची ना? ठिवा. पर खड्याची ठिवा." पोरांना ते पटलं. सोळा आणे, एक खडा. सोळा आणे, एक खडा. हिशेब बरोबर यायला लागला. ती खड्यांची पाटी पडवीच्या कोपऱ्यात कायमची बसली, आणि शाळाखात्याचे तपासणीस येऊन गेले तेव्हा त्यांनी शेऱ्यात "वर्गात दगड आढळले" एवढंच लिहिलं.

मग सुट्या पैशाची टंचाई आली. लढाईपायी तांबं कुठं गेलं, निकेल कुठं गेलं, लोक काय काय सांगत. आम्हाला दिसत होतं ते एवढंच की बाजारात सुटे मिळेनात. मधे भोक असलेला नवा पैसा आला. मास्तरांनी तो जात्यावर टाकून ऐकला आणि तोंड कडू केलं. "ह्यो वाजत न्हाई," म्हणाले, "खोकतोय." पोरांना मात्र तो फार आवडला. दोनच दिवसांत निम्म्या पोरांनी आपापल्या वाटणीचे भोकाचे पैसे करगोट्यात ओवले, आणि शाळा सुटताना एवढा मोठा मास्तर एकेका पोराला उभं करून कंबरेचे पैसे सोडवत बसला. एकाची गाठ सुटेना, तेव्हा कुडावर टकटक करून माझ्याकडून सुई मागून घेतली.

गावात दुकान एकच, बाबूशेठचं. बाबूशेठ माणूस वाईट नव्हता, पण चतुर होता. सुटे नाहीत म्हटल्यावर त्यानं मोडीच्या जागी सुपारी द्यायला सुरुवात केली. एका पैशाला एक सुपारी. दोन पैसे परत द्यायचे असले की दोन सुपाऱ्या. ज्यांच्या घरी कुणी सुपारी खात नाही त्यांच्याही घरी सुपाऱ्यांची गाडगी भरली. आमच्या घरीही भरलं. हे दात दुखतो म्हणून सुपारीला शिवत नसत.

मास्तरांनी पोरांकरवी घराघरातून सुपाऱ्या मागवल्या. आणि एका संध्याकाळी चौसष्ट सुपाऱ्या, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे, धोतराच्या ओच्यात घेऊन दुकानात गेले. मीही तेल आणायला तिथंच होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं.

"शेठ, मीठ द्या. रुपायाचं."

"येवढं मीठ काय करणार, मास्तर?"

"गावाला वाटणार." मास्तरांनी ओचा फळीवर रिकामा केला. "मोजून घ्या. चौसष्ट हायती."

"ह्या सुपाऱ्या हायत!"

"रुपाया हाय. तुमीच दिलाय गावाला. घेताना सुपारी आन् देताना रुपाया, आसं का करता?"

दुकानात सातआठ माणसं होती. ती हसायला लागली. बाबूशेठनं मीठ दिलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून सुपारी बंद केली. मग सुट्याशिवाय दुकान चालेना. तो मास्तरांकडे खुर्दा मागायला आला. मास्तरांनी दिला नाही. "शाळेचा हाय," म्हणाले. पाटलांनी मागितला, त्यांनाही नाही. "वर्गात बसा, मोजायला घ्या, जाताना परत द्या," असं त्यांना सांगितलं. पाटील खरोखर बसले होते म्हणे थोडा वेळ. ते मी पाहिलं नाही. पण "पाटीलबाबा, तुमचं दोन पैसं चुकलं" हे ठकीचं बोलणं मला कुडातून स्वच्छ ऐकू आलं.

सुटी नाणी साठवून ठेवणं हा त्या वेळी गुन्हा होता. भात झोडायचे दिवस सुरू झाले आणि कुणीतरी कचेरीत अर्ज केला की बिगारीच्या मास्तरानं वीस रुपयांचा खुर्दा दाबून ठेवलाय. कुणी केला ते कळलं नाही, आणि विचारायचीही गरज नव्हती.

एका सकाळी अंमलदार आले. घोड्यावरून उतरले तेच घाम पुसत. बरोबर एक शिपाई. हे लगबगीनं पुढं झाले. माणसं शाळेच्या दारात गोळा झाली. मी आत, तांदळाच्या डेऱ्यावर हात ठेवून उभी.

का उभी, ते आता सांगून टाकते. त्या डेऱ्यात तांदळाखाली फडक्यात बांधलेला माझा स्वतःचा खुर्दा होता, नऊ रुपयांच्या वर. मीठ, तेल, रॉकेल घ्यायला सुटे लागतात. मिळेनासे झाल्यावर मी हाताला लागलेला एकही पैसा बाहेर जाऊ दिला नव्हता. गावातल्या बहुतेक बायकांनी हेच केलं होतं. साठवलेल्या पैशाचा शोध कुडाच्या त्या अंगाला चालला होता. या अंगाला मी ऐकत होते.

"वर्गात हे दगड कसले?" अंमलदारांचा पहिला प्रश्न.

"साहेब, ते खुणेचे," हे म्हणाले.

"बाहेर फेका. शाळा आहे की नदी?"

शिपायानं पाटी उचलून अंगणात उपडी केली. मास्तर काहीतरी बोलायला गेले. अंमलदार म्हणाले, "आधी रक्कम. किती आहे?"

"खुर्दा बारा रुपये. आन् योक रुपायाचा जोड."

"मोजा."

"म्या मोजला तर तुमी म्हणाल खोटा मोजला," मास्तर म्हणाले. "पोरं मोजत्याल. पोरांना खोटं मोजाया म्या शिकिवलं न्हाई."

अंमलदारांना हे बरं वाटलं असावं. ते त्या भाकरीच्या खुर्चीवर बसले, फडकी मांडीवर घेऊन. पोरांनी खुर्दा ओतला. पैसे चार चार, ढब्बू दोन दोन, अशा आण्याआण्याच्या ढिगल्या केल्या आणि ठकी मोजायला बसली. सोळा झाले. तिनं उजवीकडे हात घातला. तिथं पाटी नव्हती. क्षणभर थांबली, आणि पुढचाच आणा उचलून बाजूला ठेवला.

मला आवाजावरूनच कळलं. मास्तरांनाही कळलं असणार, कारण ते घसा खाकरले. अंमलदार म्हणाले, "मास्तर, तुम्ही बोलायचं नाही."

ठकी मोजत राहिली. शेवटी उभी राहून म्हणाली, "आकरा रुपयं पाच आणं."

"मास्तर म्हणतात बारा," अंमलदार म्हणाले. "अर्ज म्हणतो वीस. ही म्हणते अकरा रुपये पाच आणे. अकरा आणे कुठं गेले?"

"ह्ये काय!" ठकी म्हणाली. आणि तिनं बाजूला काढलेले अकरा आणे ओंजळीत उचलून अंमलदारांच्या मांडीवर, भाकरीच्या फडक्यांवर, ओतले. "घ्या सायेब. ह्ये तुमचं."

दारात सगळं गाव. त्या गावासमोर, सरकारी चौकशीत, एका सहा वर्षांच्या पोरीनं अंमलदारांना अकरा आणे दिले होते.

"हे काय आहे?" अंमलदारांचा आवाज चढला. "मला पैसे देता?"

"खुणंचं हाय. घेणाऱ्याचं आसतंय."

"मी घेत नाही! सगळ्यांनी ऐका, मी घेतलेले नाहीत!"

त्यांचा शिपाई मावळातलाच होता. तो वाकून हळूच म्हणाला, पण कुडातून मला ऐकू आलं, "साहेब, घ्या. रीत हाय. न्हाई घेतलं तर वंगाळ दिसतं."

"रीत? मी काय आंबे न्यायला आलोय?" अंमलदार उठले आणि आणे खळाळून जमिनीवर सांडले.

खूण परत आली. ठकीला त्याचा एकच अर्थ माहीत होता. ती मास्तरांकडे वळून म्हणाली, "मास्तर, माल पसंत न्हाई त्यांस्नी," आणि तिनं भोकाड पसरलं. ते ऐकून बाकीची तेवीस पोरंही रडायला लागली. काय झालं ते अर्ध्यांना माहीतसुद्धा नव्हतं. अंमलदार "अरे पसंत आहे, पसंत आहे!" असं ओरडत पोरांमधून फिरत होते, शिपाई आणे गोळा करत होता आणि मास्तर एकेकाचं नाक पटक्यानं पुसत होते.

पाऊण तासानं शांत झालं. अंमलदारांनी यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं की देऊ केलेले अकरा आणे त्यांनी जागच्या जागी परत केले. खाली ह्यांची सही, पाटलांची सही. मास्तरांवर खटला भरला नाही. ती पोरं साक्षीदार म्हणून कचेरीत आणायची कल्पना त्यांना नको वाटली असेल. पण एक हुकूम मात्र दिला. शिकवायला जोड पुरे. बारा रुपयांचा खुर्दा चालू बाजारात गेला पाहिजे. बाबूशेठला बोलावलं, त्याच्याकडून एकेक रुपयाच्या बारा नोटा घेऊन मास्तरांच्या हातात ठेवल्या आणि खुर्दा त्याच्या पिशवीत गेला. वाईट काही नव्हतं हुकुमात. गावाला सुटे हवेच होते.

संध्याकाळी मास्तर ह्यांच्याकडे आले. ओट्यावर बसले, नोटा पुढ्यात, वर लोटा ठेवलेला, उडू नयेत म्हणून.

"ह्ये कागूद काय शिकवू, गुरुजी? वाजत न्हाई, घासत न्हाई. चोवीस पोरांत येक जोड. धनगरवाडा उद्या पोरं न्हेणार."

"तक्ता करू आपण पुन्हा," हे म्हणाले. मनापासून म्हणाले.

मास्तरांनी फळा आठवून डोळे मिटले. "भात झोडायचं राह्यलंय घरचं," एवढंच म्हणाले आणि उठले. पोरं गेली की शेतावर जायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

बातमी डोंगरावर आमच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी दारात सडा घालत होते, तेव्हा साळूबाई ठकीचा दंड धरून शाळेपुढं उभी होती. मागं आणखी दोघीतिघी आपापल्या पोरांसह. मास्तर पायरीवर बसलेले, मुठीत तो एक जोड.

"पैका न्हेला म्हनं सायबानं," साळूबाई म्हणाली.

"न्हेला."

"मंग हिला न्हेते. बकरी येकलीच हायत."

ठकी पायानं माती उकरत होती.

मी बादली ठेवली, आत गेले, डेऱ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फडकं वर काढलं. हे दात घासत होते. "काय ते?" म्हणून यांनी विचारेपर्यंत मी उंबरा ओलांडला. बाहेर येऊन गाठोडं मास्तरांच्या पुढ्यात पायरीवर ठेवलं.

मास्तरांनी गाठ सोडली. खुर्द्यात तांदूळ मिसळलेले होते. त्यांनी एकदा खुर्द्याकडे पाहिलं, एकदा कुडाकडे.

"वैनी, म्हंजी काल सायेब ह्या अंगाला बसलं व्हतं..."

"हो."

"आन् खुर्दा त्या अंगाला?"

"हो. आता मोजता, की पोरं घरी धाडता?"

तेव्हा ते हसले. चार वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. आवाज बारीकच, पण पोट, खांदे, ते चेचलेले कान, सगळं हलत होतं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साळूबाई बुचकळ्यात पडून बघत होती. तिनं ठकीचा दंड सोडला, आणि ठकी लगेच गाठोड्यापाशी बसून तांदूळ एका बाजूला, पैसे एका बाजूला करायला लागली. पुढं सहा महिन्यांत ह्यांची बदली भोरला झाली आणि आम्ही निघालो. निघताना मास्तर शेतावर होते, भेट झाली नाही. माझ्या डोळ्यांपुढं येतात ते त्या सकाळचे, पायरीवर बसून हलणारे.

"नऊ रुपये साडेतीन आणे आहेत," मी म्हटलं. "बारा नाहीत. पोरांना थोडं कमी वाटा."

"वैनी, ह्ये परत कवा द्यायचं?"

"परत कशाला? कालच्या नोटा आहेत ना? नऊ द्या. आणि वरचे साडेतीन आणे मला मिठाला हवेत."

त्यांनी नऊ नोटा मोजून दिल्या. ठकीनं साडेतीन आणे मोजून दिले. मी ते तिच्यासमोर पुन्हा मोजले, नोटा कनवटीला खोचल्या, घरी आले, आणि डेरा उपडा करून सगळे तांदूळ पाखडून घेतले. तळाशी आणखी दोन पया सापडल्या. त्या मी ठेवून घेतल्या.